बिनचुकीच्या पानाचे पैसे

पीएचडीचे प्रबंध तपासून देणं हा माझा धंदा. पानामागे दर. शनिवारी एका प्रबंधाचा हिशेब करायचा होता, पण बाई स्वतः आल्याच नाहीत, सासऱ्यांना पाठवलं. बँकेच्या ऑडिट विभागातून निवृत्त. काखेत प्रबंधाची प्रिंट, खिशात पट्टी.

"मॅडम, पान एकशेसत्तेचाळीस. लाल खूण कुठंय?"

"नाहीये. ते पान बरोबर होतं."

"मग त्याचे पैसे कशाचे?"

म्हटलं, बरोबर आहे हे कळायलाही वाचावं लागतं. तळटीपांतली सालं संदर्भसूचीशी ताडून बघावी लागतात.

"मीही वाचलं. मी मागितले का कुणाकडे?"

अशा सगळ्या पानांना त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणल्या होत्या. मग तोडगाही त्यांनीच काढला, चुकीमागे दर. मी मनातून सुखावले. सूनबाईंचे ऱ्हस्व-दीर्घ बघता माझी चांदीच होती. पण समोर ऑडिटवाला होता.

"एकच चूक परत आली तर एकदाच धरायची. हे 'दृष्टीकोण' बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच आहे. म्हणजे ती पद्धत झाली, चूक नव्हे."

"काका, शुद्धलेखनाचे नियम आहेत. १९६२चे. मराठी साहित्य महामंडळाने केलेले, सरकारने मान्य केलेले."

"बासष्टचे ना? माझी मॅट्रिक एकसष्टची. मला लागू नाहीत."

"प्रबंध सुनेचा आहे."

"घर एकच आहे."

यावर मी काय बोलणार!

चित्रकारांसाठीही मी लिहिते, पण ते परवडले असंही नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लागलं की आदल्या रात्री फोन येतो, "कॅटलॉगसाठी दहा ओळी द्या, जरा गूढ." गूढ लिहिलं तर कळत नाही म्हणतात, सोपं केलं तर "यात माझं चित्र कुठाय?" मानधनाऐवजी रेखाचित्र देतात. आमचा दूधवाला रेखाचित्रं घेत नाही.

आणि २०१८पासून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याचे नियम आलेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य खपतं, त्यापुढे प्रबंध परत. तेव्हापासून लोक डाएटवालीकडे यावं तसे येतात, "बावीस आलंय, नऊवर आणून द्या." म्हणजे दुसऱ्याची वाक्यं उलटीपालटी करून सॉफ्टवेअरला चकवायचं, आणि याला म्हणायचं संपादन. मी नाही म्हणते, काम दुसरीकडे जातं. तिथे मात्र तोंडाला येईल तो आकडा मुकाट मोजतात. तिथे कुणी पट्टी घेऊन जात नाही, हे खरं दुखणं.

काकांनी शेवटी चिठ्ठ्यांची पानं वजा करूनच पैसे दिले, तेही "उरलेले व्हायवा झाल्यावर" म्हणत. उठता उठता पिशवीतून एक कागद काढला.

"आमचं मृत्युपत्र. दोनच पानं आहेत. चूक एकही नाही, नुसती नजर टाका."

"टाकते की. बिनचुकीच्या पानाला माझ्याकडे दुप्पट पडतात."

कागद परत पिशवीत गेला.