‘गॉट ऑफ ॲट दादर’ : एका रागावलेल्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत तो नव्हता, म्हणून दोघांच्या वतीने मीच घालतो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा. मागच्या लेखात मी ‘वी गॉट ऑफ ॲट दादर’ असं उदाहरण दिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : ‘ऑफ ॲट’ अशी दोन प्रिपोझिशन्स लागोपाठ येऊच शकत नाहीत, हे इंग्रजी नसून लोकलमधली रेटारेटी आहे, तुमच्या मास्तरांनी फ्रेझल व्हर्ब्जची (‘गेट ऑफ’, ‘पिक अप’सारख्या, छोटा शब्द जोडलेल्या क्रियापदांची) यादी पाठ करून घेतली आणि तेवढ्यावर नोकरी निघाली, ‘फिल अप द फॉर्म’ला नावं ठेवणं हा साहेबी माज, ‘प्लीज लॉगिन’ असं मी स्वतःच चुकीचं लिहिलंय, आणि लेख लांब आहे. शेवटी तीन उद्गारचिन्हं, आणि त्याखाली इंग्रजीत ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’.

शंका विचारायला माझी कधीच ना नसते. पण ‘रेटारेटी’, ‘माज’, ‘असल्या लोकांमुळेच पोरांचं इंग्रजी बिघडलं’ ही शंका विचारण्याची भाषा नव्हे. ऑफिसांतला इंग्रजी पत्रव्यवहार तपासण्याचं काम मी बावीस वर्षं करतोय. त्यात ‘ऑफ ॲट’ने कुणाचं इंग्रजी बिघडलेलं मला दिसलं नाही. कशाने बिघडतं ते खाली येईलच.

आता तुमचं ते वाक्य. ‘दोन प्रिपोझिशन्स लागोपाठ येऊच शकत नाहीत.’ या ‘च’वर माझा आक्षेप आहे.

आधी मराठीत बघू. ‘वर जा’ आणि ‘गच्चीवर जा’. पहिलं ‘वर’ क्रियाविशेषण, दुसरं शब्दयोगी. हे शाळेच्या व्याकरणातलं आहे, माझ्या पदरचं नाही. आता ‘वर गच्चीवर जा’ म्हणा. किंवा ‘आत स्वयंपाकघरात बघ’. कुणी अडखळलं का? पहिला शब्द क्रियेची दिशा सांगतो, दुसरा नामाला धरून असतो. मराठीत आपण शब्दयोगी नामाला चिकटवून लिहितो, म्हणून फरक डोळ्याला दिसतो. इंग्रजीत सगळे सुटे लिहितात. ‘ऑफ’ आणि ‘ॲट’ शेजारीशेजारी दिसले की तुम्हाला ती रेटारेटी वाटते. प्रत्यक्षात त्या दोघांच्या मधे भिंत आहे : ‘वी गॉट ऑफ’ | ‘ॲट दादर’.

भिंत आहे हे कशावरून? शेपूट कापून बघा. ‘वी गॉट ऑफ’ हे वाक्य आपल्या पायावर उभं राहतं. उलट ‘ऑफ’ काढा : ‘वी गॉट ॲट दादर’. कोसळलं. मग शेपूट पुढे आणा : ‘ॲट दादर वी गॉट ऑफ’ चालतं, ‘ऑफ ॲट दादर वी गॉट’ कुणीही म्हणणार नाही. प्रश्न विचारा : ‘व्हेअर डिड यू गेट ऑफ?’ ‘व्हेअर’ने फक्त ‘ॲट दादर’ गिळलं, ‘ऑफ’ क्रियापदाजवळ जागेवरच राहिलं. आणि कान लावून ऐका. सहज बोलताना इंग्रज माणूस ‘ऑफ’वर जोर देतो आणि ‘ॲट’ जवळजवळ खाऊन टाकतो. आपण दोन्ही सारख्याच जोरात म्हणतो, म्हणून आपल्याला ते जुळे वाटतात.

‘पण गेट ऑफ द ट्रेनमध्ये ऑफ हे प्रिपोझिशनच आहे ना?’ असं तुम्ही विचारलं असतंत तर मजा आली असती. आहेच. तिथे त्याला ‘द ट्रेन’चा आधार आहे. गाडीचं नाव गाळलं की ते एकटं उरतं आणि क्रियापदाला धरतं. याहून भारी मुद्दाही तुमच्या हाती होता. २००२ च्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ हा वर्गच मोडीत काढलाय. असे ‘अप’, ‘ऑफ’ म्हणजे कर्म न घेणारी प्रिपोझिशन्सच, असं त्यात धरलंय. म्हणजे नावापुरते तुम्ही बरोबर निघालात, आणि त्याच हिशोबाने ‘ऑफ ॲट’ म्हणजे लागोपाठ दोन प्रिपोझिशन्स, म्हणजे ‘येऊच शकत नाहीत’ गेलं. खरं तर त्यासाठी इतकं लांब जायला नको. ‘फ्रॉम अंडर द बेड’ घ्या. दोन्ही अस्सल प्रिपोझिशन्स, लागोपाठ. मराठीत ‘पलंगाखालून’. ‘खाली’ला ‘ऊन’ लागलाच की.

ही भिंत कुठे आहे ते कळलं नाही की काय होतं, तेही बघा. नेहमीची चूक सर्वनामाची. ‘पिक अप द पार्सल फ्रॉम द गेट’ बरोबर, ‘पिक द पार्सल अप फ्रॉम द गेट’ही बरोबर, पण पार्सलचं ‘इट’ झालं की जागा एकच : ‘पिक इट अप फ्रॉम द गेट’. ‘पिक अप इट’ नाही. खऱ्या प्रिपोझिशनचं उलट असतं : ‘लुक ॲट इट’, कधीही ‘लुक इट ॲट’ नाही. शब्द कुठल्या जातीचा याची शंका आली की नामाच्या जागी ‘इट’ घालून बघायचं. याद्या पाठ करणाऱ्याला नेमकं हेच कळत नाही, कारण यादीत ‘पिक अप’ आणि ‘लुक ॲट’ एकाखाली एक, सारखेच दिसतात.

काही ठिकाणी मात्र अर्थापुरती भिंत पडलेली असते. ‘शी केम अप विथ अ ट्रे’ आणि ‘शी केम अप विथ अ प्लॅन’. पहिल्यात ती ट्रे घेऊन जिना चढून आली. ‘विथ अ ट्रे’ काढलं तरी ‘ती वर आली’ हा अर्थ शाबूत. दुसऱ्यात ‘विथ अ प्लॅन’ काढा, अर्थच गेला. युक्ती सुचण्याचा ‘केम अप’शी एकट्याने काही संबंध नाही. ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘गेट अवे विथ’ या मंडळींत तिसरा शब्द भाड्याचा नाही, घरचा आहे. १९८५ च्या क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या व्याकरणात त्यांना वेगळी खोलीच दिलीय.

काहींच्या पोटात माणूसही बसतो, आणि त्याची जागा ठरलेली : ‘आय विल टेक यू अप ऑन दॅट ऑफर’, म्हणजे तुम्ही देऊ केलंत ते मी घेतो. किंवा ‘लेट मी इन ऑन द सीक्रेट’. माणूस क्रियापदाला लागून, बाकी सगळं त्याच्या मागे. ‘टेक अप यू ऑन’ केलंत की वाक्य गेलं.

वाक्य प्रिपोझिशनने संपवू नये या नियमाची टर उडवणारं, चर्चिलच्या नावावर खपवलं जाणारं ते ‘अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’ (म्हणजे ‘जे मी खपवून घेणार नाही’) तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत. ते त्याचंच असल्याचा धड पुरावा नाही. असो. त्यातला विनोद कुठे आहे? ‘विथ व्हिच’ पुढे आणता येतं. त्याच्यासोबत ‘अप’ला ओढलं, तिथे हसू येतं. म्हणजे अर्थाने भिंत पडली तरी शब्दांच्या जागांत ती उरतेच, आणि तुमच्या दाखल्यानेही माझीच भिंत दाखवली.

आता बिघडलेल्या इंग्रजीचं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘ऑफ ॲट’ नसतं, ‘कोप अप विथ’ असतं. ‘कोप’ला ‘अप’ लागतच नाही, नुसतं ‘कोप विथ’. चूक का होते? ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ या तिघांच्या ओळीत बिचारं ‘कोप’ उभं राहतं आणि त्यांचाच गणवेश घालतं. त्याला कसोटी नाही, कानाला सवयच लावावी लागते. ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ हे आपल्या ‘बसमधून खाली उतर’चं सरळ भाषांतर, तिकडे बसमधून ‘गेट ऑफ’ आणि टॅक्सीतून ‘गेट आउट ऑफ’.

आणि ‘लुक फॉरवर्ड टू’. यातला ‘टू’ ‘वॉन्ट टू गो’मधला नाही. पुन्हा ‘इट’ लावा : ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ होतं, ‘आय वॉन्ट टू इट’ होत नाही. जिथे ‘इट’ बसतं तिथे नाम बसतं, आणि क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून : ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. तुमची शेवटची ओळ पुन्हा वाचून बघा. मी ती दुरुस्त केलेली नाही. दुसऱ्याच्या प्रतिक्रियेत हात घालायची मला सवय नाही.

‘लॉगिन’चं तुमचं म्हणणं मान्य. क्रियापद म्हणून ते दोन शब्द आहेत, ‘लॉग इन’, आणि पोर्टलला जोडताना ‘लॉग इन टू’. जोडून लिहिलेलं ‘लॉगिन’ नुसतं नाम. सुधारलंय. आभार.

‘फिल अप’ला मी चूक म्हटलेलंच नाही, लेख नीट वाचलात तर दिसेल. ब्रिटिश ‘फिल इन’ म्हणतात, अमेरिकन ‘फिल आउट’, आपल्याकडे ‘फिल अप’ चालतं. तिकडच्या माणसाला त्यात टाकी काठोकाठ भरल्यासारखं वाटतं, इतकंच लिहिलं होतं. तुमच्या मास्तरांविषयी मी काही बोलणार नाही. लेख लांब आहे हे खरं. दुसरा भागही तयार आहे, तो याहून लांब आहे.