मी कोण? (फक्त १० सेकंदांत)

‘मी कोण?’ हा प्रश्न ऋषिमुनींना जन्मभर पुरला. आम्ही तो ग्रुपवर टाकतो आणि रविवारपर्यंत उत्तर मागवतो. लांबी १० सेकंद, फोन आडवा, ‘हा मी’ असं वाटेल ते काहीही चालेल. पंचवीस जणांचे तुकडे जोडून एक फिल्म. कलाक्षेत्रात याला सहयोगी व्हिडिओ आर्ट म्हणतात. जोडणारा काय म्हणतो ते छापण्याजोगं नसतं.

‘फोन आडवा’ हे दोन शब्द कुणीच वाचत नाही. निम्मे व्हिडिओ उभेच येतात. १९२० बाय १०८०च्या चौकटीत उभा व्हिडिओ रुंदीला जेमतेम ६०८ पिक्सेल व्यापतो, बाकी दोन्हीकडे काळोख. सगळे एकाच वेळी पडद्यावर दाखवायचे तर पाच बाय पाचच्या जाळीत प्रत्येकाच्या वाट्याला ३८४ बाय २१६चा चौकोन येतो आणि त्यात हा उभा माणूस १२२ पिक्सेलांचा उरतो. ‘मी फारच बारीक दिसतोय’ ही तक्रार न चुकता उभ्यांकडूनच येते.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की वाटेत आवळला जातो आणि चेहऱ्याच्या जागी चौकडे उरतात. म्हणून ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे तीनदा लिहावं, तिसऱ्यांदा ठळक अक्षरांत. तरी एखादा महाभाग स्वतःचा व्हिडिओ चालवून त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवतोच. त्यात वर बॅटरी ९ टक्के आणि आईचा मेसेज: ‘जेवलास का?’ खरं तर ओळख म्हणून तेवढंच पुरेसं आहे.

सगळ्यांनी एक वाक्य एकसुरात म्हणायचं असेल तर देवच वाली. फोनचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा, स्थिर नसतो. उजेड कमी झाला की ३० म्हणवणारा फोन गुपचूप खाली उतरतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ३० धरून चालतं आणि ओठ व आवाज वेगळे संसार थाटतात. २९.९७ आणि ३० यांत गल्लत झाली तरी मिनिटाला ६० मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेमचा फरक पडतो. त्यामुळे प्रत्येक फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर ३० फ्रेमवर आणि ४८ किलोहर्ट्झ आवाजावर आणायची, मगच टाइमलाइनवर ठेवायची. सुरुवातीला एक टाळी मागावी. पडद्यावरच्या आवाजाच्या लहरीत टाळी उंच सुळक्यासारखी दिसते, जुळवणी तिच्यावरच. ज्याच्याबरोबर सगळ्यांनी म्हणायचं तो मूळ आवाज ऐकायला वायरचेच इअरफोन सांगावेत. ब्लूटूथवाला नेहमी मागे राहतो आणि वर इतरांनाच घाईखोर ठरवतो.

आशयाबद्दल काय सांगावं! ‘मी सगळ्यांपेक्षा वेगळी आहे’ असं सांगणाऱ्या सगळ्या जणी खिडकीत पाठमोऱ्या उभ्या असतात. पुरुष स्लो मोशनमध्ये चालत येतात. कुठून कुठे, ते कळत नाही. २४ जुलै २०१० या एका दिवसाचे तुकडे जगभरातून मागवून ‘लाइफ इन अ डे’ ही फिल्म बनली, तेव्हा सुमारे ८०,००० व्हिडिओ आणि ४,५०० तासांचा ऐवज आला होता. तो बघणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

खरा माल असतो तो शेपटीत. रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर तीन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवायला सांगावं. संपादकाला कापाकापीला जागा मिळते, हे अधिकृत कारण. वाक्य संपतं, हसू ओसरतं, बोट बटणाकडे येतं, कपाळाला आठी पडते आणि अंगठ्याची भलीमोठी सावली भिंगावर उतरते. दहा सेकंदांच्या भाषणात न सापडलेला माणूस इथे सापडतो. मी तेच वापरते. परवानगी मागताना ‘आधीच्या आणि नंतरच्या सेकंदांसह’ असं लेखी घ्यावं, नाहीतर भांडण ठरलेलं.

सगळं जुळलं की आदल्या रात्री मेसेज येतो: ‘माझा व्हिडिओ काढा, केस बरोबर नाहीत.’ काढावाच लागतो. पण पंचवीसचे चोवीस झाले की सहा बाय चार मांडायचे, म्हणजे चौकोन ३२० बाय २७०चे, म्हणजे प्रत्येक चेहरा नव्याने कातरायचा. त्यापेक्षा त्या जागी काळा चौकोन ठेवावा आणि नावांच्या यादीत ‘अनामिक’ लिहावं. प्रेक्षकांना तोच सर्वांत खोल वाटतो. मग आणखी दोघं विचारतात, आम्हालाही काळा चौकोन मिळेल का.