जर्मनीचं उदाहरण देताना जरा थांबा

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर मामेभावाने एक व्हिडिओ टाकला, जर्मनीने चांगले चालणारे अणुप्रकल्प बंद करून स्वतःच्या पायावर कसा धोंडा पाडून घेतला त्याचा. खाली त्याचं वाक्य: "जग बदललंय, पर्यावरण वगैरे आता मागे पडलं, आधी सुरक्षा. कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्यांनी बघावं." आणि मला टॅग करून, ताई तू तिथेच आहेस ना, सांग यांना.

सांगते. मी जर्मनीत लांड्सहूटला राहते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून जवळच्या इसार २ या अणुप्रकल्पाची वाफ रोज दिसायची. हवा कशी आहे हे आम्ही त्या वाफेवरून ओळखायचो. १५ एप्रिल २०२३ ला रात्री प्लांट बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी आकाश रिकामं. निम्म्याहून जास्त जर्मन लोकांना तो निर्णय चुकीचा वाटत होता. मलाही वाटला, त्या हिवाळ्याची नेबनकोस्टनची नाखत्सालुंग, म्हणजे हीटिंग वगैरे खर्चाचं वर भरायचं बिल, हातात आली तेव्हा तर फारच. म्हणजे भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. रशियाचा गॅस स्वस्त होता म्हणून निम्म्याहून जास्त गॅस तिथूनच घेत बसलो आणि २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर एका आठवड्यात सगळी तत्त्वं बदलली. तेव्हाचे चॅन्सेलर शॉल्त्स यांनी सैन्यासाठी १०० अब्ज युरो जाहीर केले, शांततेच्या चळवळीतून आलेले ग्रीन पक्षवाले युक्रेनला शस्त्रं पाठवायला उभे राहिले, त्यांचाच मंत्री हाबेक गॅससाठी कतारला गेला, राखीव ठेवलेले कोळशाचे प्लांट पुन्हा सुरू झाले. सरकारी ऑफिसात हीटिंग १९ डिग्रीवर. विल्हेल्म्सहाफन बंदरातलं एलएनजी टर्मिनल, म्हणजे जहाजाने आलेला द्रवरूप गॅस उतरवायची जागा, तर दहाएक महिन्यांत उभं राहिलं. इथे तेवढ्या वेळात साधी बाल्कनीची परवानगी मिळत नाही.

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. २०१० च्या शेवटी तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केलबाईंनी याच प्लांटांचं आयुष्य वाढवून दिलं होतं. मग मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला, लोक रस्त्यावर आले आणि काही दिवसांत इसार १ बंद! काही महिन्यांत सगळे प्लांट टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या नाटे गावाजवळ जैतापूरविरोधात आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मेला. भीती तीच होती ना? साखरी नाट्याच्या मच्छीमाराला गरम पाण्याने मासे जातील म्हणून, शेजारच्या माडबनच्या माणसाला सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, जाईल म्हणून. इथे त्या भीतीचा कायदा झाला, तिथे ती भीती म्हणजे विकासाला विरोध. आणि ९३८ हेक्टर जमीन घेताना ती ओसाड आहे म्हणायचं, जिथे आमची गुरं चरायची आणि आंब्याची कलमं उभी आहेत.

बरं, एवढं सुरक्षा सुरक्षा म्हणायचं तर हेही बघा. जैतापूरला जी ईपीआर नावाची फ्रेंच अणुभट्टी बसवायची आहे, १६५० मेगावॉटची एक अशा सहा, तीच फ्रान्सने स्वतःच्या फ्लामानव्हिलला २००७ ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. बारा वर्षं उशीर, तोही ज्यांनी हे तंत्रज्ञान विकायचं त्यांच्या घरी. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे आपल्या सरकारचं उद्दिष्ट मला पटतं, कोळसा जाळून आपलं भागणार नाही हेही पटतं. पण देशाची गरज बदलली की त्याची किंमत पहिल्यांदा नाट्याच्याच माणसाने द्यायची, आणि त्याने प्रश्न विचारला की तो देशद्रोही, हे नाही पटत. व्हिडिओतल्या जर्मनीत असं कोणी कोणाला म्हणत नाही, दोन्ही बाजूंचे लोक नंतर एकाच बेकरीत रांगेत उभे असतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भावाने एकच ओळ टाकली: "तुझ्या खिडकीतून प्लांट दिसायचा तेव्हा तू कधी मोर्चाला गेलीस?"

नाही गेले. २०११ ला जैतापूरविरोधी अर्जावर सही केली, ऑनलाइन, लांड्सहूटच्या खोलीत बसून, इसारच्याच विजेवर लॅपटॉप चार्ज करत. मामा तिकडे आंदोलनात उन्हात उभा होता तेव्हा. मला त्या प्लांटची भीती कधी वाटलीच नाही कारण काही बिनसलं तर सायरन वाजेल, कोणीतरी खरं सांगेल, आम्हाला बाहेर काढायला बस येईल, असं मी धरून चालले होते. तो विश्वास मला मामाच्या गावात नव्हता आणि आजही नाही. पासपोर्ट बदलून जर्मन झाले तेव्हा लोकांना मी पगाराची, पेन्शनची कारणं सांगितली, पण एक कारण हेही होतं आणि ते मी आईलासुद्धा बोलले नाही. आता इथे माझं मत मोजलं जातं. नाट्यात नाही, आणि जमीन गेली तर जाणार आहे ती मामाची.

भावाला मी "नाही" एवढंच पाठवलंय. त्याने अजून बघितलं नाही, तिकडे रात्र झाली असेल.