दगडी आणि दगडी पाला

नमस्कार दादा,

दगडी पाल्यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं, की म्हशीच्या कासेला 'दगडी' होते (कास सुजून घट्ट होण्याचा रोग) आणि बांधावर 'दगडी' नावाचा पाला उगवतो हा योगायोग नव्हे. हजारो वर्षांपूर्वी पूर्वजांनी औषधावरूनच रोगाला नाव दिलं, आणि माझ्यासारखे पुस्तकी लोक त्यावर पाणी ओततात.

आधी तुमचं बरोबर ते. 'हा पाला आता कुणी वापरत नाही' हे माझं वाक्य साफ चुकलं. ऊसतोडीत कोयता लागला की आजही हाच पाला चुरगळून जखमेवर पिळतात. माझ्याच बोटावर पिळलाय. वाक्य बदललंय.

पण हजारो वर्षांचा हिशेब बसत नाही. दगडी पाला, म्हणजेच एकदांडी किंवा कंबरमोडी, मूळचा आपला नव्हेच. तो अमेरिका खंडातल्या उष्ण भागातला. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 मध्ये त्याला ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स हे शास्त्रीय नाव दिलं. पन्हाळ्याच्या तटाच्या सांध्यात बघितला तर वाटतं, शिवा काशीदांच्या आधीपासून इथंच असेल. जमिनीलगत खरबरीत पानं, त्यातून फूटभर उभा एकच दांडा, टोकाला एकच फूल, फिकट पाकळ्यांना तीन-तीन दाते. वाळलं की बी म्हातारीसारखं उडतं आणि दगडाच्या फटीत रुजतं. दगडी हे नाव तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. म्हशीची दगडी मात्र हाताला कळते, कास दगडासारखी घट्ट लागते. फार तर उलटं झालं असेल, रोगाचं नाव आधीचं आणि पाल्याला ते नंतर चिकटलं. पण आमची आजी सोडली, तर मी ज्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, ती सगळी जखमेचंच सांगतात, कासेचं कुणी नाही.

नाव एक म्हणून नातं असतंच असं नाही. घटसर्प बघा. पोरांचा आणि जनावरांचा, दोन्हीत गळ्याशी सूज, जंतू मात्र निराळे. मावा तर तीन ठिकाणी: शेळीच्या तोंडाला येतो तो, पिकावर पडतो तो आणि पानपट्टीवर मिळतो तो. (तिसऱ्यावर औषध अजून निघालेलं नाही.)

एवढं ताणतोय कारण आमच्या म्हशीचा एक सड या दगडी रोगातच गेला. पहिल्या सकाळी धारेत बारीक गुठळ्या दिसल्या, साबुदाण्याएवढ्या. आजीनं हाच पाला हळद घालून वाटला आणि लेप दिला. 'दगडीला दगडी', म्हणाली. तिसऱ्या दिवशी सडातून रक्ताळलेलं पाणी आलं, आणि डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. लेपानं वाईट केलं असं मी म्हणत नाही. जंतू सडाच्या भोकातून आत गेलेले असतात, वरचा लेप तिथवर पोचणार कसा? दोन दिवस वाया गेले, ते मात्र नावापायी. आता धार काढली की लगेच पुढ्यात वैरण टाकतो. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तेवढा वेळ म्हैस शेणात बसू नये म्हणून.

तुमच्या कागलकडं या पाल्याला आणखी काही म्हणतात का, ते मात्र जरूर कळवा.