साइजची पट्टी आहे, बाकी काही नाही

ऑस्ट्रेलियात मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगीच्या धोक्याचं लेबल नसेल तर विक्रेत्यावर कारवाई होते, हे एका लेखात वाचलं आणि आधी नातीचा झोपायचा फ्रॉक उलटा करून पाहिला. तुळशीबागेतला. आत साइजची पट्टी, बस. कापड कुठलं तेही नाही.

बहीण मेलबर्नला असते, म्हणून तिकडची लेबलं पाहिली आहेत. पांढरं म्हणजे धोका कमी, लाल म्हणजे जास्त, आगीपासून लांब ठेवा. लालवाला कपडाही विकता येतो, पण सांगून. अमेरिकेत 1996 साली मुलांच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या झोपायच्या कपड्यांना ज्वलनाच्या चाचणीतून सूट दिली. घट्ट कपड्याचा घेर ज्योतीवर जात नाही आणि आत हवाही खेळत नाही, एवढं साधं कारण.

आणि आपल्याकडे? पोरींना घेरच हवा, झालरीसकट. त्यात दिवाळीच्या पहाटे दारात पणत्या, देवघरात समई. सून म्हणते, "आई, सुती आहे ना, मग झालं." सुती घामाला चांगलं हो, पण पेटतंही भराभर. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, ते निराळंच.

लेबलाची सक्ती केली तरी तपासणार कोण, हा खरा प्रश्न. टपरीवाल्याला धरून काय होणार? तो गठ्ठ्याने माल आणतो, त्यालाच माहीत नसतं. शिवणाऱ्या आणि ठोक विकणाऱ्याकडेच पकडायला हवं. तोवर मी झालर उसवून टाकली आहे. नात दोन दिवस रुसली होती.