मुकी फुलं आणि साठ वर्षं

काल कट्ट्यावर, म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या टपरीपाशी, विषय मीच काढला. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं घरीच शिकतेय. मी म्हटलं, मराठीचा निम्मा अभ्यास विकिस्रोतावरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयातल्या, जुन्या पुस्तकांवर होतो आणि त्याला एक रुपया पडत नाही.

"फुकट आहेत म्हणून वाचतेस, की चांगली आहेत म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

वकीलबाईंना 'फुकट' हा शब्दच खटकला. "बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते, पण हक्क त्यांच्याकडेच राहतात. मुक्त पुस्तक वेगळं. लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, मग ते सगळ्यांचं." साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून मुक्त आहे. पूर्वी ही मुदत ५० वर्षांचीच होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची संपत आली तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली.

बहिणाबाईंचा हिशेब ऐकून तर मी वहीच काढली. त्या गेल्या १९५१ मध्ये, गाणी छापली गेली १९५२ मध्ये. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची वर्षं त्या छपाईपासून मोजतात, म्हणून गाणी २०१३ पासून मुक्त. पण त्याच पुस्तकातली अत्र्यांची प्रस्तावना? अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे तिला २०३० उजाडावं लागेल. एका पुठ्ठ्यात दोन मुदती!

"कायदा राहू दे," मास्तर म्हणाले. "भाषा पोराला कळते का?"

नाही कळत, आणि मला तेच हवं असतं. 'श्यामची आई'त प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय; त्यातल्या एका रात्रीचं नाव 'मुकी फुले'. मुलगी म्हणाली, "मुकी म्हणजे बोलता न येणारी?" मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी कुंपणापाशी गुलबक्षीची मिटलेली कळी तिच्या तळहातावर ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अजून तोंड उघडलं नाही हिनं." धड्याखालच्या शब्दार्थात हे तिला मिळालं नसतं.

मास्तरांचं एक मात्र मी लगेच मान्य केलं. विज्ञान आणि भूगोल जुन्या पुस्तकांतून शिकवायचा नाही, तिथे आजचंच पुस्तक हवं. सोवळं-ओवळं, लहान वयातली लग्नं यांवरून नुसतं वाचत पुढे जाऊन चालत नाही, थांबून बोलावं लागतं. आणि आज लिहिणाऱ्यांची पुस्तकं आम्ही विकत घेतो. त्यांनाही घर चालवायचं असतं.

इतका वेळ गप्प असलेला आमचा रिक्षावाला मित्र तेव्हा बोलला. "ताई, तुम्ही घरी असता. आमच्याकडे दोघंही कामावर. पोराला वाचून दाखवायचं कुणी?"

कुणालाच पटकन बोलता येईना. खरंय त्याचं. पुस्तकाची किंमत शून्य झाली तरी शेजारी बसणाऱ्या माणसाचा वेळ शून्य किमतीत येत नाही. मी दोन वर्षं घरी शिकवण्याबद्दल बोलतेय आणि हे कधी मोठ्यांदा म्हटलं नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, "मुक्त पुस्तक मोठ्यांदा वाचून रेकॉर्ड केलं आणि शंभर जणांना पाठवलं, तरी कुणाची परवानगी लागत नाही."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. मी मोबाइलवर 'श्यामची आई' उघडून अक्षर मोठं करून दिलं, मित्रानं त्याचा फोन रेकॉर्डिंगला लावून पुढे धरला. मागे हॉर्न आहेत, मध्येच "दोन कटिंग" अशी हाक आहे, पण मास्तरांचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतो. रात्री मित्राचा मेसेज आला: "पोरगा विचारतोय, पुढची रात्र कधी?"