इस्प्रेसो मशीनचा थर्मल फ्यूज काढू नका, तो मेसेज चुकीचा आहे

"घरच्या इस्प्रेसो मशीनचे ५ सीक्रेट अपग्रेड, कंपनी कधीच सांगणार नाही" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. थर्मल फ्यूज काढा, व्हॉल्व्ह टाइट करून प्रेशर २० बारवर न्या, पंपाला पंख्याचा रेग्युलेटर लावा, टाकीत बाथरूमचं अ‍ॅसिड घालून स्केल काढा, आणि ग्रुपहेड (कॉफीचा दांडा जिथे बसतो तो भाग) गळत असेल तर एपॉक्सी पुट्टी भरा, असे हे पाच. फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिलं होतं. पण परवा इंदूरमध्ये सुदामा नगरला मामांकडे गेलो तर मशीनचं झाकण उघडं, ओट्यावर पेचकस, महाराणी रोडवरून आणलेली वायर, आणि मामा म्हणतात, "यातला फ्यूज कुठला ते जरा दाखव रे, उडवून टाकू." मामा आयुष्यभर नोकरीत हिशेब तपासत आले, कुणाच्या बोलण्यात सहज येणारा माणूस नाही, आणि त्यांनाही हे पटलं होतं. म्हणून इथे सगळं लिहितोय.

फ्यूजचंच आधी. मेसेज म्हणतो की बॉयलरवर पांढऱ्या स्लीव्हमध्ये लपवलेला हा फ्यूज कंपनी मुद्दाम टाकते, म्हणजे दोन वर्षांत तो उडेल आणि तुम्ही नवीन मशीन घ्याल. तेव्हा तो कापा, सरळ वायर जोडा, "हीटिंग फास्ट होतं".

हीटिंग अजिबात फास्ट होत नाही. फ्यूज हीटरच्या लाइनमध्ये सिरीजला असतो, त्यातून करंट नुसता पुढे जातो, हीटर ११०० वॉटचा असेल तर फ्यूज असो नसो तो ११०० वॉटचाच राहणार. तापमान सांभाळायचं काम थर्मोस्टॅटचं. तो सतत चालू-बंद, चालू-बंद होत असतो आणि असं होता होता कधीतरी त्याचे पॉइंट चिकटतात, मग हीटर बंदच होत नाही. किंवा स्टीम काढून बॉयलर अर्धा रिकामा झालाय, टाकीतही पाणी नाही आणि स्विच तसाच चालू राहिलाय. अशा वेळी मध्ये पडायला फक्त हा फ्यूज असतो. ठरलेलं तापमान ओलांडलं की एकदाच उडतो, लाइन तोडतो, परत जुळत नाही.

लाइन न तुटल्यास काय होतं ते बघा. घरातला प्रेशर कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत साधारण १२० डिग्री आणि १ बार प्रेशर असतं, आणि तरी त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करायची हिंमत आपल्यापैकी कोणी करत नाही. बंद बॉयलरमधलं पाणी १८० डिग्रीला गेलं की तेच प्रेशर ९ बारच्या आसपास जातं, आणि तिथून पुढे प्रत्येक दहा-वीस डिग्रीला झपाट्याने वाढतं. आणि ही वस्तू ओट्यावर असते, तोंडासमोर, शेजारी नातवंडं उभी.

आता जे खरं आहे ते मान्य करतो. कधीकधी फ्यूज नुसता जुना झाला म्हणूनही उडतो, आणि मग दुरुस्तीवाला "पूर्ण बोर्ड गेलाय" म्हणून हजारोंचं बिल लावतो, ही तक्रार खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे नवीन फ्यूज, वायर नव्हे. असा फ्यूज प्रेसमध्ये, राइस कुकरमध्येही असतो, तेव्हा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. जुन्यावर जे तापमान आणि अ‍ॅम्पियर छापलंय तेच घ्यायचं. जोडताना सोल्डर करू नका, क्रिंप करा (म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा), कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा फ्यूज बसवतानाच उडतो. आणि जुना का उडाला ते आधी शोधा: पाणी संपलं होतं का, थर्मोस्टॅट चिकटलाय का.

"पण मी पीआयडी लावलाय, मला फ्यूजची गरज नाही" असंही एकाने त्या मेसेजखाली लिहिलंय. पीआयडी, म्हणजे तापमान नेमकं सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, हा खरंच चांगला अपग्रेड आहे, तापमान दोन्हीकडे भरकटत नाही, चवीत फरक कळतो. पण पीआयडी हीटरला चालवतो एसएसआरमधून (हा एक इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतो. म्हणजे पीआयडीवाल्याला फ्यूज जास्तच हवा.

दुसरा मुद्दा प्रेशरचा. खोक्यावर १५ बार लिहिलंय तर २० बारला क्रेमा (इस्प्रेसोवरचा फेस) अजून दाट, असं यांचं गणित. इस्तितुतो नाझिओनाले एस्प्रेसो इतालियानो ही इटलीतली संस्था, १९९८ पासूनची, इस्प्रेसोला सर्टिफिकेट देणारी. तिच्या मूळ नियमात प्रेशर ९ बार आहे, फार तर १ इकडेतिकडे, ७ ग्रॅम कॉफी, २५ सेकंदांच्या आसपास, कपात २५ मिली. ज्यांनी ही गोष्ट जगाला दिली ते ९ म्हणतात. खोक्यावरचे १५ हे पंपाचं कमाल प्रेशर, पाणी अजिबात पुढे जात नसतानाचं. प्रेशर मर्यादेत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला हात लावतात हे खरं, पण जाणकार लोक तो सैल करून १२-१३ वरून ९ वर आणतात, उलट दिशेला. जास्त प्रेशरला पाणी कॉफीच्या चकतीत वाट फोडून निघून जातं आणि कप एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. क्रेमा हवा असेल तर भाजल्याची तारीख बघून चिकमगळूरची ताजी कॉफी घ्या, तो फेस ताज्या कॉफीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येतो.

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली नाही. बऱ्याच मशीनमध्ये बॉयलरचं जादा प्रेशर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हाच असतो. म्हणजे पहिल्या मुद्द्यात हीटर थांबवणारी शेवटची वस्तू काढायची, आणि दुसऱ्यात प्रेशरची बाहेर पडायची वाटही आवळायची. दोन्ही एकाच मशीनवर, एकाच दुपारी! मेसेजमधल्या फोटोत तर हिरवी अर्थिंगची वायर कापून टेप गुंडाळलेली दिसतेय, वर धातूची बॉडी आणि आत पाणी.

बाकीचं थोडक्यात. डिमरने पंपाचं प्रेशर कमी-जास्त करता येतं, हे अर्धं खरं, पण पंख्याचा स्टेपवाला रेग्युलेटर कपॅसिटरचा असतो आणि या कंपनाच्या पंपात आत डायोड असतो, दोघं जमत नाहीत. बाथरूमचं अ‍ॅसिड पिण्याच्या पाण्याच्या टाकीत घालायला सांगणाऱ्याने स्वतः तरी ती कॉफी पिऊन दाखवावी. त्यात हायड्रोक्लोरिक असतं, अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर खातं, स्टीलला खड्डे पाडतं. इंदूरमध्ये बोरिंगचं पाणी जड आहे, पांढरा थर जमतो, हे मान्य. त्याला सायट्रिक अ‍ॅसिड कमी प्रमाणात वापरा, नंतर टाकीभर साधं पाणी दोनतीनदा सोडा, आणि रोज बोरिंगचं पाणी घालूच नका.

पुट्टीचं तर काय सांगायचं, ती गरम पाण्यातून थेट कपात उतरणार. ग्रुपहेड गळतो कारण रबरी गॅस्केट कडक झालेलं असतं. ते बदलायला पेचकस आणि अर्धा तास पुरतो, फक्त जुनं काढून त्याची जाडी आणि दोन्ही व्यास मोजून मगच नवीन मागवा, आणि काम सुरू करायच्या आधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढून मशीन पूर्ण थंड होऊ द्या.